चाकांवरचे बिऱ्हाड, दारापुढचा रस्ता

कॅलिफोर्नियातील शहरांत रात्री रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या मोटरहोमवरून जो वाद चालतो, तो मोटरहोमपेक्षा जुना आहे. चाकांवरचे घर अमेरिकेत आले ते हौशी, खाऊनपिऊन सुखी माणसाचे म्हणून, आणि प्रत्येक मंदीत ते गरिबाच्या हाती गेले. गाडी तीच राहिली. आत राहणारा बदलला की शहराची वागणूक बदलली. सुरुवातीला नियम माणसाला लागू होते. न्यायालयांनी ते एकामागून एक रद्द केले, तेव्हा ते गाडीच्या लांबी-उंचीवर आणि घड्याळाच्या तासांवर आले.

१९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी गाडी आली आणि पुढच्या १५-२० वर्षांत तिची किंमत ३०० डॉलरच्या खाली उतरली. मध्यमवर्गीय कुटुंबे तंबू, स्टोव्ह आणि गाद्या गाडीला बांधून बाहेर पडू लागली. सुरुवातीला ती रस्त्याकडेच्या शेतात, ओढ्याकाठी किंवा शाळेच्या अंगणात मुक्काम टाकत. शेतकऱ्यांच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या: झाडांची फळे जातात, कुंपणाची लाकडे चुलीत जातात, मागे राहतात ते पत्र्याचे डबे आणि राख. गावातले दुकानदार मात्र खूश होते, कारण हे पाहुणे पेट्रोल, पाव आणि टायर घेत. त्यातून पालिकांनी फुकट मुक्कामाचे तळ उघडले. डेन्व्हर शहराचा ओव्हरलँड पार्क १६० एकरांचा होता. फ्लोरिडातील टँपा येथे अशाच एका तळावर १९१९ मध्ये ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ हा प्रवाशांचा संघ स्थापन झाला. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणाला डाग देऊन जोडलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण होती.

फुकटचा काळ फार टिकला नाही. १९२३-२४ च्या सुमारास बहुतेक तळांनी दिवसाला अर्ध्या डॉलरच्या आसपास आकार घेण्यास सुरुवात केली, नावनोंदणी सक्तीची केली आणि मुक्कामाला दिवसांची मर्यादा घातली. कारण सांगितले जाई ते साफसफाईच्या खर्चाचे. खरा रोख होता तो जुनाट गाडीतून काम शोधत येणाऱ्या आणि महिनोन्‌महिने हलायचे नाव न घेणाऱ्या कुटुंबांवर. अर्धा डॉलर ही रक्कम सुटीवर आलेल्याला जाणवत नसे. रोजंदारीवर फळे तोडणाऱ्याला ती परवडत नसे. कोणाला येऊ द्यायचे नाही हे पाटीवर न लिहिता ठरवण्याची युक्ती पालिकांना तिथे सापडली आणि ती त्यांनी पुढे कधी सोडली नाही. त्याच सुमारास खासगी मालकांनी खोल्यांची सोय सुरू केली. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो येथे उघडलेले ‘मोटेल’ हे त्या नावाचे पहिले. पैसेवाला प्रवासी हळूहळू छपराखाली गेला. तळावर उरले ते बाकीचे.

१९३० च्या दशकात दुष्काळ, धुळीची वादळे आणि मंदी यांनी ओक्लाहोमा, टेक्सस आणि आर्कान्सा या राज्यांतील शेतकरी कुटुंबांना उठवले. माल आणि माणसे एकाच ट्रकवर लादून ती कॅलिफोर्नियात आली. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपल्या शहराचे १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमेवर पाठवले. खिशात पैसे नाहीत आणि कामाची खात्री नाही, अशांना तिथूनच परत फिरवले जाई. शहराच्या पोलिसांना राज्याच्या सीमेवर अधिकार कुठला, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला, आणि काही आठवड्यांत नाकेबंदी उठली. पण राज्याच्या कायद्यात परगावच्या निर्धन माणसाला राज्यात आणणे हा गुन्हाच होता. आपल्या मेव्हण्याला टेक्ससहून मेरीजव्हिलला घेऊन आलेल्या एका माणसाला त्याखाली शिक्षा झाली. ‘एडवर्ड्‌स विरुद्ध कॅलिफोर्निया’ या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये कायदा रद्द झाला. पैसा नसणे म्हणजे नीती नसणे नव्हे, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. गरिबाला हद्दीवर अडवण्याचा मार्ग बंद झाला. पुढचा झगडा हद्दीच्या आत होणार होता.

दरम्यान ट्रेलर आला होता. लॉस एंजेलिसचे वॉली बायम यांनी एअरस्ट्रीम कंपनी १९३० च्या दशकात उभी केली आणि १९३६ मध्ये ॲल्युमिनियमचा चकचकीत ‘क्लिपर’ बाजारात आणला. त्या सुमारास ट्रेलरची लाट एवढी होती, की २० वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील असे भाकीत रॉजर बॅबसन या अर्थभाष्यकाराने करून टाकले. तसे झाले नाही. जमिनीच्या वापराचे नियम करताना शहरांनी ट्रेलर पार्कला घरांच्या वस्तीत जागा दिली नाही. ते रेल्वेरुळांच्या, गोदामांच्या आणि कारखान्यांच्या बाजूला गेले. महायुद्धात कारखान्यांच्या कामगारांना राहायला ट्रेलर लागले आणि युद्धानंतर या वाहनाच्या दोन शाखा झाल्या. एक रुंद होत होत एका जागी कायमची बसली. दुसरी लहान राहिली आणि सुटीसाठी गाडीमागे धावत राहिली.

मोटरहोम ही तिसरी शाखा. मिशिगनचे रे फ्रँक यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या कुटुंबासाठी एक गाडी बांधली, तिला ‘मोटर होम’ म्हटले आणि पुढे डॉजच्या सांगाड्यावर तिचे उत्पादन सुरू केले. आयोवातील विनेबेगो कंपनीने १९६६ पासून जुळणीच्या पट्ट्यावर मोटरहोम बनवून किंमत बरीच खाली आणली. आत गॅसची शेगडी, फ्रीज, झोपायच्या फळ्या आणि शौचालय. पोटाखाली तीन टाक्या: एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची, एक मैल्याची. या टाक्यांमुळे मोटरहोमला तळाची गरज उरली नाही. ट्रेलर सोडवून उभा करायला जागा लागे, नळ लागे. मोटरहोम कुठल्याही फुटपाथशेजारी इंजिन बंद करून घर होऊ शकत असे, निदान शंभर-दीडशे लिटरची मैल्याची टाकी भरेपर्यंत.

ही टाकी पुढच्या सगळ्या भांडणाच्या मुळाशी आहे. ती रिकामी करायला ठरावीक ठिकाणी जावे लागते, तिथे पैसे पडतात आणि गाडी चालू स्थितीत असावी लागते. लॉस एंजेलिसमध्ये पावसाच्या पाण्याची गटारे सांडपाण्याच्या वाहिन्यांपासून वेगळी आहेत. रस्त्याच्या कडेच्या जाळीत जे ओतले जाईल ते कुठल्याही प्रक्रियेविना समुद्राला मिळते. त्यामुळे मध्यरात्री जाळीवर ओतलेल्या टाकीचा वास ही केवळ नाजूक नाकांची कुरकुर नव्हती. जनरेटरचा आवाज, गॅसच्या टाकीने लागलेली आग, फाटकासमोर भिंतीसारखी उभी राहून समोरून येणारी गाडी दिसू न देणारी मोटरहोम, या रहिवाशांच्या तक्रारीही खऱ्या होत्या. मात्र तक्रार करणारे बहुधा सगळ्या गाड्यांची करत, आणि टाकी ओतणारे त्यातले थोडेच असत.

१९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहराचा भटकेपणाविरुद्धचा नियम रद्द केला. भटक्या कोणाला म्हणायचे हे नियमातून कळत नाही, त्यामुळे पोलीस म्हणेल तो गुन्हेगार ठरतो, असे त्याचे कारण होते. देशभरचे असे जुने नियम त्यानंतर दुबळे झाले. लॉस एंजेलिस पालिकेने १९८३ मध्ये कलम ८५.०२ आणले ते या पार्श्वभूमीवर. शहराच्या कोणत्याही रस्त्यावर उभे असलेले वाहन राहण्याची जागा म्हणून वापरू नये, मग ते रात्रभर असो, रोजच्या रोज असो वा अन्य कशाही प्रकारे, असा त्याचा आशय. ‘राहणे’ म्हणजे काय, हे कलमाने सांगितले नाही. बरीच वर्षे ते क्वचितच चर्चेत आले.

ते ऐरणीवर आले व्हेनिसमुळे. ॲबट किनी या उद्योजकाने १९०५ मध्ये समुद्रकाठी कालवे खणून वसवलेले हे विलासनगर १९२६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये विलीन झाले. त्याचे भूखंड अरुंद, बरीच घरे गॅरेजचा विचार न करता बांधलेली, त्यामुळे घरमालकाचीही गाडी रस्त्यावरच. दिवसा समुद्रावर येणाऱ्यांची गर्दी वेगळीच. स्वस्त भाडे, कलावंत, हिप्पी आणि बेघर अशी मिश्र वस्ती इथे दीर्घकाळ नांदली. पुढे घरांच्या किमती आकाशाला भिडल्या. २००७-०८ च्या आर्थिक पडझडीत नोकरी आणि घर गेलेल्यांनी हाती होती ती गाडी समुद्राजवळ लावली, तेव्हा नवा रहिवासी आणि जुना भाडेकरू एकाच फुटपाथच्या दोन बाजूंना आले. मोटरहोममध्ये राहणाऱ्यांत कित्येक जण असे होते, की ज्या गल्लीतले भाडे परवडेनासे झाले त्याच गल्लीत ते गाडी लावत. त्यांच्या लेखी ते बाहेरून आलेच नव्हते.

रहिवाशांच्या एका गटाने परवाना पद्धतीची मागणी केली: पहाटे २ ते ६ या वेळात परवानाधारकाचीच गाडी रस्त्यावर राहील. परवाना मिळणार तो पत्ता असलेल्यालाच. पालिका राजी होती, पण व्हेनिस किनारपट्टीत येते आणि तिथे राज्याच्या किनारा आयोगाची मान्यता लागते. समुद्र सर्वांचा आहे, पहाटे लाटांवर जाणाऱ्यालाही गाडी लावायला जागा हवी, या भूमिकेतून आयोगाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये प्रस्ताव फेटाळला. बेघरांचा कैवार घेऊन नव्हे, तर सर्फरांच्या हक्कासाठी मोटरहोमवाल्यांना हे अभय मिळाले.

सप्टेंबर २०१० मध्ये नागरिकांची जाहीर सभा झाली, तक्रारींचा पाऊस पडला आणि पोलिसांनी कलम ८५.०२ च्या अंमलबजावणीसाठी २१ जणांचे पथक उभे केले. या पथकाने केलेल्या कारवाया पुढे न्यायालयाच्या निकालात नोंदल्या गेल्या. पावसापासून आडोसा म्हणून स्वतःच्या मोटारीत बसलेल्या एका चित्रकाराला पकडण्यात आले. आपल्या मोटरहोममधून व्हेनिस ओलांडून जाणाऱ्या एका बाईला वळणाचा दिवा चालू राहिल्यावरून थांबवण्यात आले आणि हाती पडली ती ८५.०२ खालची लेखी ताकीद. गाडी तर चालू होती, उभीही नव्हती. ‘डेझर्टरेन विरुद्ध लॉस एंजेलिस शहर’ या खटल्यात नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १९ जून २०१४ रोजी कलम घटनाबाह्य ठरवले. न्यायमूर्ती हॅरी प्रेगरसन यांनी निकालात विचारलेले प्रश्न साधे होते: गाडीत जेवले तर गुन्हा होतो का? झोपायची पिशवी ठेवली तर? फोनवर बोलले तर? सुटीवर निघालेले सधन कुटुंब मोटरहोममधून शहरातून गेले तर तेही याच कलमात सापडते. पकडले मात्र जातात ते गरीब. जॅक्सनव्हिलच्या निकालाचा आधार इथे पुन्हा उपयोगी पडला.

निकालाचा धक्का उत्तरेत सिलिकॉन व्हॅलीपर्यंत पोचला. पालो अल्टोने २०१३ मध्ये गाडीत राहण्यावर घातलेली बंदी अंमलात येण्याआधीच २०१४ च्या अखेरीस मागे घेतली.

लॉस एंजेलिसने २०१६ च्या शेवटी ८५.०२ चा नवा अवतार मंजूर केला. आता बंदी सरसकट नव्हती. वस्तीच्या रस्त्यांवर रात्री ९ ते सकाळी ६, आणि शाळा, पाळणाघर किंवा उद्यानाच्या एका चौकापर्यंत कोणत्याही वेळी गाडीत राहणे मना. बाकी ठिकाणी मुभा. पालिकेने हिरव्या, पिवळ्या, लाल रस्त्यांचे नकाशे काढले. ‘राहणे’ कशाला म्हणायचे याची व्याख्याही आली, पण गाडीत कोणी झोपले आहे हे सिद्ध करणे पोलिसांना नकोसे असते. दार वाजवावे लागते, पडद्याआड काय आहे ते विचारावे लागते, पुन्हा खटल्याची भीती.

म्हणून खरा भार पडला तो दुसऱ्याच नियमावर. राज्याच्या वाहन कायद्याने शहरांना पहाटे २ ते ६ या वेळात रस्त्यावर गाडी लावण्यास मनाई करण्याचा अधिकार दिला आहे. त्याच्या जोरावर लॉस एंजेलिसने २२ फुटांहून लांब किंवा ८४ इंचांहून उंच वाहनांना पाटी लावलेल्या रस्त्यांवर त्या वेळात बंदी केली. यात आत कोण आहे, तो झोपला की जागा आहे, गरीब की श्रीमंत, हे काहीच विचारावे लागत नाही; पोलिसाला फक्त फीत लागते. २२ फुटांत बहुतेक घरमालकांचे मोठे पिकअप आरामात बसतात, याला योगायोग म्हणायचे असेल तर म्हणावे. लाखभर डॉलरची उंच छपराची स्प्रिंटर व्हॅन ८४ इंचांत बसत नाही, पण तिच्याबद्दल तक्रारीचा फोन सहसा जात नाही, आणि अशी अंमलबजावणी चालते ती तक्रारीवरच.

पाटीचा नियम चालतो कसा, ते एखाद्या गल्लीत पाहण्यासारखे असते. नगरसेवक ठरावीक रस्त्यांच्या तुकड्यांसाठी ठराव मांडतो, सभा तो मंजूर करते, काही आठवड्यांनी खांबांवर लाल-पांढऱ्या पाट्या येतात. मोटरहोमवाले पाटी वाचतात आणि पाटी नसलेल्या पुढच्या रस्त्यावर जातात. मग तिथल्या रहिवाशांचा अर्ज. गाडी चालू होत नसेल तर दोघे-तिघे मिळून ती ढकलतात, कारण ७२ तास एकाच जागी राहिलेले वाहन उचलून नेण्याची मुभा कायद्यात आहे. अशा रीतीने मोटरहोम शेवटी गोदामांच्या आणि भंगाराच्या भागात जमतात, म्हणजे १९३० च्या दशकात ट्रेलर पार्क जिथे ढकलले गेले होते साधारण तिथेच. उचलून नेणेही सोपे नाही. त्याला अवजड टो ट्रक लागतो, यार्डात जागा लागते, आणि कुजलेल्या जुन्या मोटरहोमची मोडतोड करायला भंगाराच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. म्हणून मोडीत जायच्या गाड्या लिलावातून नाममात्र किमतीत पुन्हा रस्त्यावर येत आणि त्यांतल्या काही एकच माणूस विकत घेऊन बेघरांना भाड्याने देई. अशा भाडेखाऊंना शहरात ‘व्हॅनलॉर्ड’ असे नाव पडले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे कारवाई थांबली आणि रांगा लांबल्या.

पाटी लावणे हे मोठ्या शहरालाही खर्चाचे काम असल्याने ते टाळण्याचा प्रयत्न आधी झालेला होता. सांता बार्बराने शहराच्या वेशीवर पाट्या लावून सगळ्या रस्त्यांवर मोटरहोम लावण्यावर निर्बंध घातले, तेव्हा ‘होम्स ऑन व्हील्स’ या संघटनेने दावा लावला आणि २००४ मध्ये अपील न्यायालयाने बंदी असलेल्या रस्त्यावरच पुरेशा पाट्या हव्यात असे बजावले. त्याच वर्षी त्याच शहरात ‘न्यू बिगिनिंग्ज’ या संस्थेने वेगळी वाट काढली: चर्च, कार्यालये आणि पालिका यांचे रात्री रिकामे पडणारे वाहनतळ थोड्या थोड्या गाड्यांना झोपण्यासाठी द्यायचे, संध्याकाळी यायचे, सकाळी निघायचे. ‘सुरक्षित पार्किंग’ या नावाने ही पद्धत पश्चिम किनाऱ्यावर पसरली. मोटारींना ती मानवली. मोटरहोमना कमी, कारण त्या जागा जास्त खातात आणि रोज सकाळी हलवाव्या लागल्या तर इंजिन आणि पेट्रोल दोन्ही संपते.

सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एल कॅमिनो रियाल हा रस्ता ओळखीचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कडेने तो जातो तिथे आणि शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्ये मोटरहोमची रांग अनेक वर्षे दिसत असे. त्यांत राहणारे बरेच जण कामावर जाणारे: स्वयंपाकी, बांधकाम मजूर, सफाई कामगार. गूगलचे मुख्यालय माउंटन व्ह्यूमध्येच असल्याने हे दृश्य जगभर छापले गेले. तिथल्या नगर परिषदेने २०१९ मध्ये ४० फूट किंवा त्याहून कमी रुंदीच्या रस्त्यांवर मोठ्या वाहनांना बंदी केली. कारण दिले ते वाहतुकीच्या सुरक्षेचे. शहरातले बहुसंख्य रस्ते या मापात बसत होते. विरोधकांनी सह्या गोळा करून निर्णय मतदानाला नेला. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी ‘मेझर सी’ म्हणून बंदीच कायम केली. खटला झाला आणि २०२२ च्या तडजोडीत शहराने किमान तीन मैल रस्ता अशा गाड्यांसाठी खुला ठेवण्याचे मान्य केले.

गाडी हेच घर, हे मात्र न्यायालयांनी हळूहळू ओळखले. सिॲटलमध्ये २०१६ साली एका बांधकाम कामगाराचा ट्रक ७२ तासांच्या नियमाखाली उचलला गेला; तो त्यातच राहत होता आणि त्याची हत्यारे आत होती. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या: कुटुंबाचे राहते घर कर्जापोटी जाऊ नये म्हणून केलेल्या जुन्या कायद्याचे संरक्षण अशा ट्रकला मिळू शकते, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला शेकडो डॉलरचा भुर्दंड हा घटनेने मना केलेला अतिरेकी दंड आहे. कॅलिफोर्नियातही २०२३ मध्ये अपील न्यायालयाने, केवळ दंडाच्या पावत्या थकल्या म्हणून कोणाला अडथळा न करणारी गाडी वॉरंटशिवाय उचलण्याची सॅन फ्रान्सिस्कोची पद्धत अवैध ठरवली.

वारे २८ जून २०२४ रोजी फिरले. ऑरेगनमधील ग्रँट्‌स पास शहराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी, उघड्यावर मुक्काम टाकण्याला शिक्षा करणे ही क्रूर शिक्षा ठरत नाही, असा निकाल दिला. शहरांचे हात मोकळे झाले. पण मोटरहोमच्या बाबतीत त्यांनी माणसाकडे परत न वळता फीतच धरून ठेवली. तिची सवय झाली होती आणि ती न्यायालयात टिकत होती.

सॅन फ्रान्सिस्कोत लेक मर्सिड तलावाजवळच्या विन्स्टन ड्राइव्ह रस्त्यावर लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांच्या मोटरहोमची वस्ती होती. मुले जवळच्या शाळांत जात. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे चार तासांची मर्यादा आली आणि गाड्या आसपासच्या रस्त्यांवर पांगल्या. जुलै २०२५ मध्ये महापौर डॅनियल लुरी यांचा प्रस्ताव नगरमंडळाने मंजूर केला. २२ फुटांहून लांब किंवा ७ फुटांहून उंच वाहन शहरात कुठेही दोन तासांपेक्षा जास्त उभे राहू शकणार नाही. मे २०२५ पर्यंत शहराच्या नोंदीत आलेल्या, गाडीतच राहणाऱ्या कुटुंबांना मुदतीचा परवाना आणि भाड्याच्या घरासाठी मदत, तर गाडी शहराला देऊन टाकणाऱ्याला मोबदला. तो लांबीवर ठरला, फुटाला १७५ डॉलर.